चौथ्या प्रश्नाला फोन ठेवला

प्रश्न : गेल्या महिन्यात सासूबाई मोरीत पडल्या, शुद्ध हरपली. रुग्णवाहिकेसाठी फोन लावला तर पलीकडची मुलगी विचारतच सुटली. वय किती, श्वास चालू आहे का, रक्त येतंय का, शुगर आहे का. चौथ्या प्रश्नाला मी संतापून फोन ठेवला आणि टॅक्सीने नेलं. त्या आता बऱ्या आहेत. मी कामावर गेले की दुपारभर एकट्याच असतात. पण जिवावर बेतलेलं असताना ही चौकशी कशाला?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, हा संताप मी 22 वर्षं रोज ऐकलाय. शहरातल्या एका कंट्रोल रूममध्ये मी फोन घ्यायचे. प्रश्न चालू आहेत म्हणून गाडी थांबलेली नसायची. मी पत्ता टाइप केला की शेजारच्या टेबलावरची सहकारी गाडी सोडायची आणि मी पुढचं विचारत राहायचे. 108 च्या गाड्याही दोन तऱ्हेच्या असतात, साधी आणि व्हेंटिलेटर असलेली. कुठली हवी, हे ‘श्वास चालू आहे का’ यावर ठरतं. श्वास नसेल तर फोनवरूनच तुमच्याकडून छाती दाबून घेता येते, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 सेंटिमीटर तरी खाली जाईल अशी. फोन ठेवलात की तेही गेलं.

खरा वेळ जातो तो पत्त्यात. एका रात्री एक मुलगा ओरडला, “एम. जी. रोड, बाबा पडलेत, लवकर या!” आणि फोन कट. एम. जी. रोड फोर्टात आहे, घाटकोपरला आहे, मुलुंडलाही आहे. मी उलट फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. तो काकांना, मामांना कळवत होता. मी घाटकोपर धरलं आणि गाडी सोडायला सांगितली. तो मुलुंडला होता. गाडी पोचेपर्यंत त्याचे बाबा गेले होते. ‘कुठला एम. जी. रोड’ एवढं मी पहिल्या श्वासात विचारायला हवं होतं. ती एंगेज टोन अजून माझ्या कानात आहे.

म्हणून आधी उपनगर, मग रस्ता, मग चाळीचं नाव आणि मजला. 112 चा फोन नवी मुंबईत किंवा नागपूरला उचलला जातो आणि तिथून आपल्या पोलिसांकडे येतो. नागपूरच्या पोरीला ‘मार्केटच्या मागची गल्ली’ कशी कळणार? मोबाइलवरून जागेचा अंदाज आला तरी मजला कळत नाही. रस्त्यावर असाल तर मेट्रोच्या खांबावरचा नंबर वाचून सांगा. ज्या फोनवरून कळवलंत तो मोकळा ठेवा, नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून कळवा. आणि शेजारच्या एखाद्या पोराला गल्लीच्या तोंडाशी उभं करा. लालबागच्या चाळींत गाडी आत येत नाही, स्ट्रेचर जिन्यात वळत नाही. गाडीवाल्यांना हे आधी कळलं तर ते चादर किंवा खुर्ची घेऊनच वर येतात.

हा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनपाशी लावा आणि सासूबाईंकडून दोनचार वेळा म्हणून घ्या. दुपारी तो त्यांनाच सांगावा लागेल.