शोध लागला म्हणून बोट पळते?

प्रश्न : हॉलिवूडचा नट विल्यम हेन्स याचा ‘फास्ट लाइफ’ हा १९३२चा विनोदी चित्रपट पाहिला. नौदलातून सुटलेला खलाशी आपल्या शोधाच्या जोरावर स्पीडबोटीच्या शर्यतीत उतरतो. एवढ्याशा करामतीने बोट खरंच अशी सुटते का? आणि हेन्सचं पुढे काय झालं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी हेन्सचं सांगून टाकतो. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठीचा हा त्याचा शेवटचा चित्रपट. पुढे तो घरं सजवायच्या धंद्यात शिरला आणि तिथेही नाव काढलं.

आता बोट. माझा जन्म स्कूटरचे कार्बोरेटर फुंकण्यात गेला. त्यातल्या जेटमधला, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातला, कचरा निघाला की गाडी झटकन उठते, पण ती तिचीच अडकलेली ताकद असते. वरची कुठून आणणार? त्यासाठी इंजिनच मोठं लागतं आणि बोटीचा तळही तसाच लागतो.

चित्रपटाच्याच वर्षी, २० सप्टेंबर १९३२ला, अमेरिकेचा बोटशर्यतपटू गार वुड याने आपली ‘मिस अमेरिका टेन’ ही बोट ताशी १२४.८६ मैलांनी, म्हणजे जवळजवळ २०१ किलोमीटरने पळवून विक्रम केला. त्या अडतीस फुटी लाकडी बोटीत पॅकार्डची बारा-बारा सिलिंडरची चार इंजिनं होती, मिळून ६,४०० अश्वशक्ती! शिवाय तळाला मधोमध पायरी काढलेली. वेग आला की अशी बोट पाणी कापत नाही, वर उचलली जाते. तळाचा जेमतेम तुकडा पाण्याला टेकलेला राहतो. पाणी जितकं कमी चिकटेल तितकी ती पळेल.

गंमत म्हणजे वुड स्वतः संशोधकच. पण त्याचा गाजलेला शोध कोरड्या जमिनीवरचा : ट्रकचा हौदा तेलाच्या दाबाने उचलून माल ओतायची सोय. आज रस्त्याच्या कामावर डंपर खडी ओततो ना, तेच. त्या पैशावर त्याने बोटी बांधल्या.

आणि विनोदच हवा असेल तर १९३१ची डेट्रॉइटची हार्म्सवर्थ शर्यत, म्हणजे देशादेशांमधली मोटरबोटींची शर्यत, घ्या. पहिली फेरी इंग्लंडच्या के डॉनने मारली. दुसरीत वुड इशाऱ्याच्या आधीच सुटला, त्याच्या मागे डॉनही; दोघेही बाद. वर डॉनची बोट वळणावर उलटली. माणसं वाचली, नशीब! मागून शांतपणे आला वुडचा भाऊ जॉर्ज, जुनी बोट घेऊन, आणि करंडक अमेरिकेतच राहिला.

इतकी इंजिनं बाळगणारा हा वुड शर्यतीला निघताना बोटीत शुभशकुन म्हणून दोन टेडी बेअर ठेवायचा.