तीच गोष्ट पुन्हा सांगताना : उपदेशकांची प्रश्नोत्तरे

कोल्हापूर, इचलकरंजी, कोडोली, कुठूनही चर्चमधल्या उपदेशकाचं पत्र आलं तरी प्रश्न एकच असतो. मंडळीला गोष्ट पाठ आहे, मग नवीन काय सांगू? नवीन सांगायचं म्हणजे बायबलच्या वचनात पदरचं काही घालायचं, हा समज काही केल्या जात नाही, म्हणून पुन्हा लिहितो आहे.

संदेश किती मिनिटांचा असावा?
सांगण्याजोगं असेल तेवढाच. वेळ चर्चच्या पंचकमिटीशी बोलून ठरवा.

उधळ्या पुत्राचा दाखला सतरा वेळा झाला. आता काय उरलं?
लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. जकातदार येशूजवळ येतात, धर्मनियम काटेकोर पाळणारे परूशी कुरकुरतात आणि त्या कुरकुरीला उत्तर म्हणून मेंढरू, नाणं आणि दोन मुलगे येतात. म्हणजे धाकट्याचं स्वागत पाहून रागावलेला थोरला मुलगा हे गोष्टीचं शेपूट नाही. तो शेवटी घरात गेला की नाही, हे लूक सांगतच नाही. आणखी एक बघा. वाटणी घेऊन उधळलेला धाकटा घरी परत निघण्याआधी माफीची वाक्यं घोकतो. त्यातलं ‘मोलकरी म्हणून ठेवा’ हे 19व्या वचनात आहे, पण बापासमोर, 21व्यात, ते त्याच्या तोंडून येत नाही. बाप झगा आणायला सांगून मोकळा होतो. या न बोललेल्या वाक्यावर अख्खा संदेश उभा राहतो. वाटणीचं उदाहरण मात्र जपून द्या. कोर्टात भांडणारे भाऊ तुमच्याच बाकांवर बसलेले असतात. आधी पाळकांना विचारा.

येशूच्या कबरेतला घडी केलेला रुमाल म्हणजे ‘मी परत येतो’ ही जेवणावरून उठलेल्या यहुदी धन्याची खूण होती, असा मेसेज आला आहे. पुनरुत्थानाच्या रविवारी सांगू का?
नको. जेवणाच्या टेबलावरचा असा रिवाज कोणत्याही जुन्या यहुदी ग्रंथातून कोणी दाखवलेला नाही. उंट सुईच्या नाकातून जाण्याचं वचन समजावताना सांगतात त्या यरुशलेमेतल्या ‘सुईचं नाक’ नावाच्या दरवाज्याचीही तीच गत. फॉरवर्ड आलं की पुलपिटावर, ही घाई सोडा. योहानाच्या शुभवर्तमानातच त्याहून मोठं सापडतं. 11व्या अध्यायात मेलेला लाजर जिवंत होऊन कबरेतून बाहेर येतो तेव्हा त्याच्या तोंडाला रुमाल गुंडाळलेलाच असतो, तो दुसऱ्यांना सोडावा लागतो. 20व्यात येशूचा रुमाल वेगळा, गुंडाळून ठेवलेला आहे. हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचा आणि तुमच्या आचार्यांशी बोला.

खडकावरचं घर हा दाखला पुराच्या भागात कसा सांगावा? (शिरोळ तालुका)
या प्रश्नाची मी वाट पाहत होतो. 2019च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर मी एका उपासनेला बसलो होतो. उपदेशकांनी दाखल्यातलं वाळूवरचं, पुरात पडणारं घर विषयाला घेतलं आणि आवाज चढवून विचारलं, ‘तुमचा पाया कुठे होता?’ पुढच्या बाकावरची बाई उठून गेली. तिच्या घरात चिखल अजून ओला होता.

असं होऊ नये म्हणून आधी मजकूर नीट वाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाऊस, पूर, वारा दोन्ही घरांवर येतो. खडकावरचं घर पाण्यातून सुटत नाही, उभं राहतं. दाखला आहे तो ऐकून न वागणाऱ्याबद्दल. पूर कोणावर का आला, याचा तो खुलासा नाही. तसा खुलासा मागणाऱ्यांना येशूने लूक 13मध्ये थांबवलं आहे. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले 18 जण इतरांपेक्षा अधिक दोषी होते का, असं तोच विचारतो आणि ‘नाही’ म्हणतो. हे वचन पाठ नसेल तर पुरावर बोलायला उभे राहू नका.

मग लूक 6 उघडा. तिथे वाळू नाही. तिथे एकजण खोल खणतो, दुसरा पायाच घालत नाही, आणि नदीचा लोंढा येतो. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. खणणं म्हणजे काय, तेही या लोकांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून आदल्या आठवड्यात दोन-तीन पूरग्रस्त घरांत जाऊन बसा, ऐका. त्यांचा अनुभव सांगायचा असेल तर परवानगी घ्या, नाव टाळा. जखम ताजी असेल तर हा दाखला पुढच्या वर्षी घ्या आणि त्या रविवारी 46वं स्तोत्र वाचा. अजूनही झोप उडालेला कोणी भेटला तर त्याला नुसती प्रार्थना देऊन परत पाठवू नका, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्या.

‘वर्षभराचे 52 तयार संदेश’ अशी जाहिरात आहे. पैसे भरावेत का?
भरू नका. तुमची मंडळी विकणाऱ्याने पाहिलेली नाही. त्या पैशांत बायबलचा अर्थ उलगडणारा एक चांगला टीकाग्रंथ घ्या. कोणता घ्यावा, हे धर्मशिक्षण घेतलेल्या पाळकांना विचारा.

नाताळचा संदेश शनिवारी रात्री तयार केला तर चालेल?
नाही. उतारा सोमवारी वाचायचा. लूकमध्ये दार लावणारा सरायवाला नाही आणि मत्तयात मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, किती होते ते दिलेलं नाही. हे शनिवारी रात्री कोण तपासणार?

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, जक्कयची गोष्ट मुलांना कंटाळवाणी होते.
मराठी शास्त्रात तो येशूला पाहायला उंबरावर चढतो. तिथलं झाड आपल्या उंबराचं भाऊबंदच, फांद्या खालून पसरणारं. मुलांना खरं उंबराचं झाड दाखवा, खोडाला लागलेली फळं दाखवा आणि मोठा श्रीमंत जकातदार यावर चढताना कसा दिसला असेल, ते त्यांनाच करून दाखवू द्या. चढणं मात्र जमिनीवरच. आणि आई-वडिलांना आधी विचारा.