चित्र एक, सह्या दोन

प्रश्न : माझी मुलगी चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यापुढे वर्गमैत्रिणीबरोबर जोडीनेच, एकाच नावाने काम करायचं म्हणते. चित्र एक आणि चित्रकार दोन, हे चालतं तरी कसं? पैसे कुणाचे? उद्या बिनसलं तर?
– एक पालक, सांगली

उत्तर : चालतं. पण 'डावी बाजू तू रंगव, उजवी मी' असं नव्हे. क्रिस्तो आणि झान-क्लोद या कलावंत जोडप्याने १९९५ साली बर्लिनची राइशस्टाग ही संसदेची इमारत एक लाख चौरस मीटर चंदेरी कापडाने झाकली आणि १५.६ किलोमीटर निळ्या दोरखंडाने बांधली. दोन आठवड्यांत सगळं उतरवलंही. त्याआधी परवानगीच्या खटपटीत दोन दशकांहून जास्त काळ गेला, आणि शेवटी जर्मन संसदेत २९२ विरुद्ध २२३ मतांनी होकार मिळाला. कल्पना आणि निर्णय दोघांचे, मात्र रेखाटनं फक्त क्रिस्तो करायचा आणि कर सल्लागाराशी बोलणं झान-क्लोदकडे. प्रायोजक घ्यायचे नाहीत असा नेम होता. पैसा यायचा तो पूर्वतयारीच्या चित्रांच्या विक्रीतून. चौकटीत रेखाटन, शेजारी नकाशा, कापडाचा छोटा तुकडा, हाताने लिहिलेली मापं. इमारतीवरचं कापड विकायला नव्हतंच, विकली जायची ती ही चित्रं.

म्हणून मुलीला पहिला प्रश्न विचारा : तुमच्या कामात विकण्याजोगं काय आहे? व्हिडिओ किंवा मांडणशिल्प (जागेत वस्तू मांडून उभं केलेलं काम, इन्स्टॉलेशन) असेल तर छायाचित्रं, रेखाटनं, मर्यादित प्रती यांचा विचार आधीच हवा. गॅलरीचं कमिशन बहुधा निम्म्यापर्यंत जातं. उरलेल्यातून साहित्य, फ्रेमिंग आणि वाहतूक वजा करा, मग दोन वाटे करा. एकटीला पुरेल एवढंच काम करून दोघींचं भागत नाही. पहिली काही वर्षं शिकवण्या किंवा डिझाइनची कामं जोडीला लागतीलच.

नावाचं म्हणाल तर, त्या दोघांची कामं बरीच वर्षं एकट्या क्रिस्तोच्या नावावर होती. एका कलावंताचं नाव रुजवणंच अवघड, हे त्यांचं कारण. १९९४ मध्ये त्यांनी बाहेरच्या जागांवरची सगळी जुनी कामं दोघांच्या नावावर केली. त्यांना ते जमलं, कारण घर एक होतं. मैत्रिणींनी त्या भरवशावर राहू नये. आपल्या कॉपीराइट कायद्यात, दोघींचं योगदान वेगळं काढता येत नसेल तर कृती संयुक्त ठरते आणि हक्काची मुदत शेवटी हयात असलेल्या कर्तीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालते. म्हणजे बिनसलं तरी जुन्या कामावर दोघींचा हक्क राहतोच, आणि एक रुसून बसली की प्रतिमा छापायची परवानगी अडते.

यावर उपाय म्हणजे एक साधा करार, तोही पहिल्या विक्रीच्या आधी. वेगळ्या झाल्यावर जोडीचं नाव कोण वापरणार, न विकलेली कामं कुणाच्या घरी राहणार, कच्ची रेखाटनं कुणाची, खर्चाची पावती कोण ठेवणार, एवढं तरी त्यात हवं. भागीदारी कायद्यानुसार वेगळं ठरलेलं नसेल तर नफा समसमान वाटला जातो, मग राबणं समान असो वा नसो. भागीदारी संस्था काढायची घाई मात्र नको. स्वतंत्र पॅन आणि विवरणपत्र आलं, शिवाय संस्थेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के दर. सुरुवातीच्या तुटपुंज्या कमाईला ते परवडत नाही. दोघींनी आपापल्या हिश्श्याचं बिल स्वतंत्र द्यावं.

जोड्या मोडतात त्या बहुतेकदा दोघींना एकच काम आवडतं म्हणून. दोघीही रंगवणाऱ्या, आणि गॅलरीला मेल लिहायला कुणीच नाही! तीन महिन्यांचं एक छोटं काम करून पाहायला सांगा. रोज कोणी काय केलं हे वहीत लिहायचं. मेल, सुतार, हिशेब ही कामंही त्यात धरायची. शेवटी ती वही दोघींनी मिळून वाचावी.

आणि एकटीचा पोर्टफोलिओ बंद करू नये. एम.एफ.ए.चा, म्हणजे कलेच्या पदव्युत्तर पदवीचा, प्रवेश एकेकटीला मिळतो, शिष्यवृत्तीच्या अर्जावरही सहसा एकच नाव मावतं. रेसिडेन्सीला (एखाद्या संस्थेत काही काळ राहून काम करण्याची संधी) जोडीने अर्ज केलात तर खोली, तिकीट आणि मानधन एकीचं की दोघींचं, हे होकार कळवण्याआधी लेखी विचारून घ्या.