प्रश्न तुमचे : रेडिएशन चालू असतानाचे दिवस

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख पुढच्या टप्प्याकडे, म्हणजे रेडिएशनकडे आहे. यंत्राविषयी फारसे कोणी विचारलेले नाही. आंघोळ, स्वयंपाक, नोकरी, प्रवास आणि घरातली माणसे यांविषयीच विचारले आहे, आणि ते योग्यच आहे. यंत्राखाली जाणारा वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांचा असतो, उरलेला दिवस मात्र रुग्णालाच निभावून न्यावा लागतो. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझे वय ४६ असून मी कोथरूड परिसरातील एका शाळेत शिक्षिका आहे. डाव्या स्तनातील गाठ काढली असून आता तीन आठवड्यांत पंधरा वेळा रेडिएशन घ्यायचे आहे. आमच्या शेजारच्या काकूंना काही वर्षांपूर्वी पाच आठवडे रेडिएशन दिले होते, मग मला कमी का? शाळा सुरू ठेवावी का आणि स्कूटरवरून जावे का? मला श्वास रोखून धरण्याचा सराव करायला सांगितला आहे, त्याचे कारण समजले नाही.

उत्तर : आधी काकूंविषयी. पूर्वी पाच आठवड्यांत २५ वेळा मिळून ५० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मात्रा देण्याची पद्धत होती. ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासांत रुग्णांना अनेक वर्षे तपासत राहिल्यावर असे दिसले, की दर वेळची मात्रा थोडी वाढवून तीन आठवड्यांत १५ वेळा, एकूण ४० ग्रे दिली, तरी आजार तितकाच आटोक्यात राहतो आणि त्वचेला त्रास उलट कमी होतो. तिथल्याच २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर काही निवडक रुग्णांना तर एका आठवड्यात पाचच वेळा रेडिएशन देतात. त्यामुळे दिवस मोजून उपचारांची तुलना करू नये. गाठ जिथे होती त्या जागेसाठी काहींना शेवटी आणखी काही मात्रा देतात. तुमच्या बाबतीत तसे ठरले आहे का, हे आधीच विचारून ठेवा, म्हणजे रजेचा हिशेब चुकणार नाही.

डावा स्तन हृदयाच्या अगदी पुढे असतो. आपण छाती भरून श्वास घेतो तेव्हा फुफ्फुस फुगते, हृदय थोडे मागे आणि खाली सरकते, आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होते. म्हणून तेवढ्या क्षणांत, साधारण वीस सेकंदांच्या टप्प्यांत, किरण सोडले जातात. घरी सकाळ-संध्याकाळ आडवे पडून, दोन्ही हात डोक्याच्या वर घेऊन हा सराव करा. खांदे उचलून किंवा पाठीची कमान करून श्वास घेऊ नका, कारण त्याने शरीराची जागा बदलते. मध्येच खोकला आला किंवा दम पुरला नाही, तर सरळ श्वास सोडावा. खोलीत तुम्ही एकट्या असलात, तरी बाहेर कॅमेऱ्यावर तुम्ही दिसत असता आणि तुमचा आवाज ऐकू जातो. श्वास सुटल्याचे दिसताच किरण थांबवले जातात.

शाळेविषयी माझे मत असे, की पूर्ण रजा घेण्याची घाई करू नये, पण पूर्ण वेळापत्रकही सांभाळू नये. पहिला आठवडा बहुतेकींना हलका जातो, आणि त्यामुळेच फसगत होते. थकवा साधारण दुसऱ्या आठवड्यापासून साचत जातो, उपचार संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो, आणि तो झोपेने पूर्णपणे जात नाही. मुख्याध्यापकांशी आताच बोला आणि शक्यतो सकाळचे तास मागून घ्या. दुपारी अर्धा-पाऊण तास पडावे. एक ते चार ही वेळ या शहराने विश्रांतीसाठी फार पूर्वीच राखून ठेवलेली आहे, तिचा लाभ घ्यायला अपराधी वाटण्याचे कारण नाही. याच्या जोडीला रोज अर्धा तास सपाटीवर चालावे. थकलेल्या माणसाला चालायला सांगणे विचित्र वाटते खरे, पण या थकव्यावर नियमित चालण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा क्वचितच आहे. तळजाईचा चढ मात्र काही दिवस राहू द्या. थकवा फारच जाणवला, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण दर वेळी दोष रेडिएशनचा नसतो.

स्कूटर पहिल्या आठवड्यात चालवायला हरकत नाही, मात्र हात खांद्यापासून विनासायास हलत असला पाहिजे. पुढे खड्डे आणि स्पीडब्रेकर यांचे धक्के दुखऱ्या भागाला सोसत नाहीत, शिवाय थकलेल्या अवस्थेत कर्वे रस्त्याच्या गर्दीत लक्ष विचलित होते. त्या वेळी रिक्षा किंवा मेट्रो बरी. पर्सचा पट्टा त्या बाजूच्या खांद्यावर घेऊ नका. कारमध्ये बसल्यास सीटबेल्ट लावायचाच, फक्त त्याखाली मऊ ओढणीची घडी ठेवा.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या असून उपचारांसाठी भोर तालुक्यातील गावाहून आमच्याकडे धनकवडीला राहायला आल्या आहेत. त्यांचा स्तन पूर्ण काढला असून छातीला आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या भागाला रेडिएशन चालू आहे. दुसऱ्या आठवड्यात त्वचा लालसर झाल्यावर त्यांनी हळद-चंदनाचा लेप लावायला सुरुवात केली आहे. आंघोळीला त्यांना कडकडीत पाणीच लागते. मंगळसूत्र काढायला त्या तयार नाहीत आणि मिश्रीही सुटत नाही. मी काही बोलले, की वाद होतो.

उत्तर : तुमचे पत्र वाचताना अनेक घरे डोळ्यांसमोर आली. त्वचेविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्याचा गाभा एवढाच, की तिच्यावर जितके कमी प्रयोग कराल तितके बरे. त्वचेचा सर्वांत वरचा थर सतत झडत असतो आणि खालून नवा येत असतो. रेडिएशनमुळे नव्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो, म्हणून त्वचा लाल, कोरडी आणि पातळ होते. लेप वाळला की ताणतो आणि तो खरवडून काढताना हीच पातळ त्वचा सोलली जाते. हळदीच्या रंगामुळे खालची लाली दिसत नाही, ते वेगळेच. तेव्हा लेप, उटणे, टाल्कम पावडर, तेलाचे मालीश, बाम, गरम पिशवी आणि बर्फ हे सारे त्या भागापासून दूर ठेवावे. काखेतले केस काढण्यासाठी रेझर किंवा क्रीम वापरू नये. कोरफडीने फायदा झाल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही आणि घरच्या कुंडीतील पानाचा ताजा गर काहींना चुरचुरतो, म्हणून तीही नको.

आंघोळ मात्र रोज करावी. पाणी कोमट असावे आणि तांब्याने खांद्यावरून सोडावे, साबण सौम्य व बिनवासाचा असावा, आणि जुन्या मऊ पंच्याने टिपून घ्यावे, घासू नये. छातीवर पेनने काढलेल्या रेघा असतील, तर त्या पुसू देऊ नयेत आणि फिकट झाल्यास घरी गिरवूही नयेत. रोज खोलीत भिंतीवरून येणाऱ्या लेसरच्या बारीक प्रकाशरेषा या खुणांशी जुळवून पाहिल्या जातात आणि त्यानुसार रुग्णाला थोडेथोडे सरकवून नेमक्या जागी आणले जाते. घरी गिरवलेली रेघ थोडीही सरकली, तर ही जुळणी बिघडते. विभागातून दिलेले मलम पातळ थरात, रेडिएशन घेऊन आल्यावर आणि रात्री लावावे. खाज फार असेल, तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइडचे मलम लिहून देतात. ते औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नये. कपड्यांचे म्हणाल, तर काखेत घट्ट बसणारा ब्लाऊज हा सर्वांत मोठा शत्रू आहे. घरात सासऱ्यांचा जुना मलमलीचा सदरा असेल, तर त्यासारखे वस्त्र नाही.

मंगळसूत्राची गोष्ट नाजूक आहे. त्यांच्या बाबतीत गळपट्टीवरचा भागही उपचारात येत असल्यामुळे धातू आणि मणी यंत्राखाली चालत नाहीत, आणि दिवसभर घासून त्याच जागी त्वचा फाटते. कित्येक जणी या दिवसांत ते देवापाशी ठेवतात, तर काही जणी काळे मणी दुसऱ्या हाताच्या मनगटात बांधतात. हे सुनेने सांगण्यापेक्षा विभागातील सिस्टरनी त्यांना समोर बसवून सांगितलेले अधिक पटते, असा माझा अनुभव आहे. मिश्रीचेही तेच. तिच्यात तंबाखू असते आणि तंबाखूमुळे जखम भरून येण्यास विलंब होतो, शिवाय गळपट्टीच्या भागाला किरण बसल्यामुळे थोड्याच दिवसांत गिळताना घसा दुखू शकतो. तेव्हा जेवणात मऊ भात, मुगाचे वरण, ताक, अंडे चालत असल्यास अंडे, असे प्रथिनांचे आणि गिळायला सोपे पदार्थ असू द्यावेत. बागेबाहेर मिळणारा गव्हांकुरांचा रस, काढे आणि नातेवाइकांनी आणलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नयेत.

खर्चाचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, तरी सांगते : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून चौकशी करावी. योजनेची मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यावी लागते, म्हणून यापुढचा कोणताही उपचार ठरला, की लगेच विचारावे. मध्ये गावी जाऊन यायचे झाल्यास एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहेच, परंतु रोज भोरहून ये-जा करण्याचा विचार करू नये.

प्रश्न : माझे रेडिएशन ऐन गणपतीत येत आहे. आमच्याकडे उभ्या गौरी असतात आणि सगळे माझ्याच हातचे असते. त्या तीन दिवसांत आणि विसर्जनाच्या दिवशी खंड पडला तर चालेल का?

उत्तर : गौरींसाठी तीन दिवस उपचार थांबवणे मला मान्य नाही. सुट्टीमुळे किंवा यंत्राच्या दुरुस्तीमुळे एखादा दिवस बुडाला, तर तो शेवटी जोडून घेतात, किंवा कधी एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा रेडिएशन देऊन भरून काढतात. पण आपण होऊन लांबण लावणे वेगळे. अनंत चतुर्दशीला विभाग चालू आहे का, हे आठवडाभर आधी विचारा. चालू असल्यास पहाटेची किंवा सकाळची लवकरची वेळ मागून घ्या, कारण लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर हे रस्ते त्या दिवशी मिरवणुकीचे असतात. मेट्रोने जाणार असाल, तर मंडई आणि कसबा पेठ या स्थानकांवरच्या गर्दीत शस्त्रक्रियेच्या बाजूला घरातले कोणीतरी उभे राहू द्या.

पूजा तुम्ही करा, पण पुरणाच्या स्वयंपाकाला दुसरे हात लागू द्यात. काखेतील गाठी काढलेल्या हातावर तेलाचा चटका बसला किंवा विळीने कापले, तर जंतुसंसर्ग होऊन हात सुजू शकतो. पुरणयंत्र फिरवणे आणि भरलेली पातेली उतरवणे हेही त्या हाताला झेपणारे नाही. सोळा भाज्या निवडायला जावांना आणि नणंदांना बसवा, आणि पुरणपोळ्या विकत आणल्या म्हणून महालक्ष्म्या रुसल्याचे ऐकिवात नाही.

प्रश्न : पत्नीचे रेडिएशन चालू आहे. आईने आमच्या दोन वर्षांच्या मुलाला तिच्याजवळ झोपू देणे बंद केले आहे. पत्नी हल्ली लगेच चिडते किंवा रडते. पती-पत्नी म्हणून आम्ही जवळ यावे का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो.

उत्तर : मुलाला आजच आईजवळ झोपू द्या. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात. शरीरात, कपड्यांत किंवा ताटात काहीही उरत नाही. झोपेत त्याची लाथ दुखऱ्या जागी बसू नये, म्हणून त्याला दुसऱ्या कुशीला घ्यावे, एवढेच. तुमच्या आईंना हे एकदा रुग्णालयात नेऊन डॉक्टरांकडूनच ऐकवा.

जवळ येण्यास वैद्यकीय अडचण नाही, मात्र या काळात गर्भधारणा होता कामा नये, म्हणून निरोध वापरावा. गर्भनिरोधक गोळ्या या आजारात चालत नाहीत. इच्छा कमी होणे आणि स्वतःच्या शरीराकडे पाहणे नकोसे वाटणे हे पुष्कळ जणींच्या वाट्याला येते. चिडण्यामागे थकवा असतो, तसा मूल दूर केल्याचा घावही असेल. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल किंवा जगणे नको असे शब्द तिच्या बोलण्यात आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून समुपदेशकाची किंवा मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या.

प्रश्न : रेडिएशन संपून आठ दिवस झाले, तरी काखेतील आणि स्तनाखालच्या घडीतील त्वचा सुधारण्याऐवजी बिघडली आहे. काही चुकले का?

उत्तर : काही चुकलेले नाही. त्वचेवरचा परिणाम शेवटच्या दिवसानंतर आठ-पंधरा दिवस वाढतच जातो, त्यानंतर तो ओसरू लागतो आणि साधारण महिनाभरात त्वचा बरीचशी पूर्ववत होते. काळसरपणा मात्र काही महिने राहतो. घडीच्या जागी घाम आणि घर्षण दोन्ही असल्यामुळे तिथेच जास्त त्रास होतो. घरात एकट्या असताना हात वर करून पंख्याच्या वाऱ्यावर ती जागा कोरडी होऊ द्या. त्वचा सोलून ओलसर झाली असेल, पाणी पाझरत असेल, वास किंवा पू येत असेल, किंवा १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी विभागात जाऊन दाखवा. ओल्या जागेवर चिकटपट्टी लावू नका, ती काढताना त्वचाही निघते. न चिकटणारे ड्रेसिंग तिथे करून देतात.

बोटांनी भिंतीवर चढत जाण्याचा खांद्याचा व्यायाम थांबवू नका, कारण खांदा आखडण्याचा धोका पुढेही बराच काळ असतो. त्वचा भरून आल्यावरही त्या भागाला उन्हापासून जपा. आणि येत्या काही महिन्यांत कोरडा खोकला हटत नसेल, जिना चढताना पूर्वी लागत नव्हता इतका दम लागत असेल, किंवा त्या हाताच्या बांगड्या घट्ट होऊ लागल्या असतील, तर साध्या सर्दीचे किंवा वाढलेल्या वजनाचे निमित्त न शोधता रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटा. फुफ्फुसाची सूज असो वा हाताची, लवकर कळल्यास तिच्यावर उपचार करता येतात. खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तर आपले रेडिएशन केव्हा आणि कोणत्या बाजूला झाले, हे त्यांना आवर्जून सांगा. त्यासाठी उपचारांच्या सारांशाची एक प्रत पर्समध्ये असू द्या.