अकरा वेळा ‘टेन्स’

प्रिय मुली,

तुझं भाषांतर वाचलं. आठ पानांत ‘टेन्स’ अकरा वेळा आला आहे. सून भांडी आपटते, ती टेन्स. दवाखान्याबाहेर बाकावर बसलेला मुलगा टेन्स. अंगणात येरझाऱ्या घालणारा म्हाताराही टेन्सच! मूळ कथेत तिघांना तीन वेगळे शब्द आहेत: चिडचिड, धाकधूक, तगमग. इंग्रजी काही इतकी गरीब नाही गं.

सुनेला ‘इरिटेबल’ म्हण, पण शेपूट जपून लाव. ‘इरिटेटेड’ म्हणजे आत्ता वैतागलेली, ‘इरिटेबल’ म्हणजे कशावरूनही चिडेल अशी आणि ‘इरिटेटिंग’ म्हणजे दुसऱ्याला वैताग आणणारी. उमेदवारीच्या काळात मी साहेबांना ‘आय ॲम व्हेरी इरिटेटिंग टुडे’ असं सांगितलं होतं. ते ‘येस’ म्हणाले आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं. ‘क्रँकी’चा मोह होईल, पण त्याचा ‘चिडका’ हा अर्थ अमेरिकेकडचा. जुन्या ब्रिटिश वळणात क्रँकी माणूस म्हणजे विक्षिप्त, आणि तुझे वाचक लंडनचे. त्यांच्यासाठी ‘टेची’ चालेल, ‘टेस्टी’ही. (हा दुसरा देवनागरीत लिहिला की चिडकी सून एकदम चविष्ट होते, म्हणून तुला समासात रोमन लिपीत लिहून दिला आहे.) ती सकाळपासून उपाशी आहे खरी, तरी ‘हँग्री’ (‘हंग्री’ आणि ‘अँग्री’ जोडून केलेला, भुकेनं चिडलेली) नको. तो शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात २०१८ मध्ये आला; तुझ्या कथेत अजून चूल पेटते.

बाकावरच्या मुलाला ‘अँक्शस’च हवा. ज्या लॅटिन धातूपासून तो आला त्याचा अर्थच गळा आवळणं. फक्त पुढे ‘टू’ लावून क्रियापद जोडलंस की बहुतेकदा ‘उत्सुक’ असा अर्थ निघतो, आणि मग हा पोरगा बापाचा रिपोर्ट ऐकायला आतुर झालेला दिसेल. ‘ऑन टेंटरहुक्स’ही इथे शोभेल. धुतलेलं लोकरी कापड आटू नये म्हणून लाकडी चौकटीवर ताणून आकड्यांना अडकवत, ते हे आकडे. डॉक्टर बाहेर येईपर्यंत पोरगा तसाच ताणलेला आहे.

म्हाताऱ्याला साधा ‘रेस्टलेस’ दे. ‘फिजेटी’ने तो वर्गातला चुळबुळ्या मुलगा होईल. ‘अँट्सी’ तर मुळीच नको. त्यात मुंग्या आहेत, पण आपल्या मुंग्या बसून बसून बधिर झालेल्या पायाला येतात आणि त्यांच्या मुंग्या माणसाला बसूच देत नाहीत.

राहिली शेवटच्या पानावरची हुरहूर. ‘विस्टफुल’मध्ये ओढ आहे, पण धास्ती नाही, ‘अनईझी’त धास्ती आहे, पण ओढ नाही. मी दोन दिवस त्यावर अडलो आहे. तूर्त ती ओळ कोरी सोड.

तुझा,
काका