मुलांना कांजिण्या झाल्या तर पारंपरिक चिनी वैद्यक काय करतं?

त्यांच्या मते हा बाहेरून शिरलेला 'वारा आणि उष्णता' यांचा आजार. तो फुफ्फुसाच्या वाटेने आत येतो, प्लीहेतल्या ओलसरपणात मिसळतो आणि कातडीवर पाण्याचे फोड होऊन उमटतो. म्हणून पुरळ दाबायचं नाही, बाहेर पडू द्यायचं आणि उष्णता काढायची, हा उपचाराचा गाभा.

साध्या कांजिण्यांत 'यिन छियाव सान' हा काढा प्रसिद्ध आहे: हनीसकलची फुलं, फोर्सिथियाची फळं, पुदिना, ज्येष्ठमध वगैरे. वू जूथुंग या वैद्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तो आपल्या ग्रंथात नोंदवला. ताप चढला, फोड गडद आणि दाट झाले, तर उष्णता खोल गेली असं मानून जास्त थंड औषधं घालतात. पथ्यही असतं: कोळंबी, मटण, तिखट, तळलेलं बंद.

मला ही मांडणी सुसंगत वाटते, पण या काढ्यांनी कांजिण्या लवकर बऱ्या होतात याचा भक्कम पुरावा नाही. मुलांच्या काही जुन्या चिनी गोळ्यांत हिंगूळ (पारा) आणि मनशीळ (आर्सेनिक) असतं, म्हणून ऑनलाइन मागवलेलं काहीही मुलाला देऊ नका. ॲस्पिरिनही अजिबात नको, त्याने राय सिंड्रोम (मेंदू आणि यकृताला इजा करणारा गंभीर आजार) होऊ शकतो. दम लागला, मूल सुस्त पडलं, मान ताठरली किंवा फोडाभोवती लाली पसरत गेली तर लगेच डॉक्टर गाठा. तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी घरात असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. कांजिण्यांवर लस आहे, आणि चीनमध्येही ती दिली जाते.