शॉक उपचारापूर्वी एन्झाइमची तपासणी कशासाठी?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तीव्र नैराश्यासाठी ईसीटी, म्हणजेच शॉक उपचार, सुचवले आहेत. रक्ततपासणीत ‘स्यूडोकोलिनएस्टरेज’ हे एन्झाइम कमी निघाले. आता उपचार रद्द करावेत का?
– एक वाचक, परळ, मुंबई

उत्तर : उपचार रद्द करण्याचे कारण नाही, भुलेची आखणी मात्र बदलावी लागेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांशिवाय ईसीटी देता येत नाही. स्नायू शिथिल करण्यासाठी बहुधा सक्सिनिलकोलीन वापरतात, कारण हेच एन्झाइम त्याचे विघटन करते आणि काही मिनिटांतच रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागतो. एन्झाइम फारच कमी असेल, तर स्नायू शिथिल राहण्याचा तोच परिणाम काही तास टिकू शकतो आणि तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासावर, गुंगीत ठेवावे लागते. याची पूर्वकल्पना असलेले भूलतज्ज्ञ रोक्युरोनियमसारखे औषध निवडतात, ज्याचा परिणाम सुगामाडेक्सने उलटवता येतो.

कमतरता आनुवंशिक असू शकते (आर्य वैश्य समाजात ती तुलनेने अधिक आढळते) किंवा यकृताच्या आजारामुळेही येते. एक गोष्ट कृपया संकोच न करता सांगा : भावाने अलीकडे कीटकनाशक घेतले होते का? नैराश्याच्या रुग्णांत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर हे एन्झाइम कित्येक आठवडे कमी राहू शकते आणि घरचे लोक लाजेपोटी नेमके तेच लपवतात. दोष आनुवंशिक ठरल्यास आपणही तपासणी करून घ्यावी आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी तो अहवाल भूलतज्ज्ञांना दाखवावा.